नावाआधी उचललेली सुई

मित्रांनो, मी एक जुना ग्रामोफोन आहे. माझ्यासारखी जुनी यंत्रे आपली हकीकत सांगू लागली की आधी वैभवाचे दिवस सांगतात. माझेही वैभवाचे दिवस होते, आणि मला लाज वाटते ती नेमकी त्याच दिवसांची. म्हणून ते मी सांगणार आहे, पण तुम्ही ऐकताना माझे कौतुक करू नका.

माझा जन्म १९३१ साली नाशिकच्या तांबट आळीत झाला. पोटातले चक्र आणि स्प्रिंग परदेशातून आगबोटीने आली होती. पेटी पेठच्या जंगलातल्या सागाची होती. कर्णा मात्र अस्सल नाशिकचा. सावळीराम तांबट यांनी तो पितळेच्या पत्र्यातून आठ दिवस ठोकून काढला. सावळीरामांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हंडे आणि घागरी घडत आल्या होत्या, पण त्यांचा जीव नादात. घागर पुरी झाली की ते तिला टिचकी मारायचे आणि कान लावून बसायचे. त्यांच्या पत्नी मालनबाई म्हणायच्या, "गिऱ्हाईक घागर पाण्याला नेतं हो, गाण्याला नाही."

शेवटी सावळीरामांनी भांड्यांचे काम धाकट्या भावाकडे सोपवले आणि रविवार कारंज्याजवळ एक दुकान घेतले. वर पाटी लावली, 'सप्तस्वर म्युझिक कंपनी'. कंपनी म्हणजे काय, तर सावळीराम, मालनबाई आणि मी. बाजाच्या पेट्या दुरुस्त करणे, तबले मढवून देणे, ग्रामोफोन जोडून विकणे, अशी कामे चालत. मी पहिला म्हणून मला विकले नाही. मला दर्शनी फळीवर ठेवले. गिऱ्हाईक आले की सावळीराम चावी देत, नवी सुई लावत, तबकडी ठेवत. रस्त्यावरची माणसे थांबत. टांगेवाले टांगे थांबवत. मालनबाई रोज सकाळी मऊ फडक्याने माझा कर्णा पुसत. मला वाटू लागले होते की गाणे माझेच आहे.

१९३४ च्या उन्हाळ्यात सावळीराम एका देवळातली बाजाची पेटी दुरुस्त करायला सिन्नरला गेले. परत आले ते वेगळेच होऊन. दुकानात शिरल्या शिरल्या मालनबाईंना म्हणाले, "मी आज एक आवाज ऐकला. बिडीच्या कारखान्याच्या खिडकीबाहेर उभा राहिलो, तर शेवटची मोटार चुकायची वेळ आली."

त्या कारखान्यात चाळीसएक बायका ओळीने बसून, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत. त्यांच्यातली एक काम करता करता ओव्या म्हणत होती. तिचे नाव खातूनबी. नवरा विणकर होता, तो वारला होता. एक मुलगी होती, बिलकिस, तीही आईशेजारी बसून पाने कातरायची. खातूनबीच्या ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या. कुणी शिकवलेल्या नव्हत्या, कुठे लिहिलेल्या नव्हत्या.

कंपनीने तेव्हा स्वतःच्या तबकड्या काढायचे नुकतेच ठरवले होते. मुंबईहून ध्वनी उमटवण्याचे यंत्र आठ दिवसांसाठी आणले होते. दुकानाच्या माडीवर भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, म्हणजे आवाज घुमू नये. मला कोपऱ्यात ठेवले होते. एका सकाळी खातूनबी आणि बिलकिस सर्व्हिस मोटारीने नाशिकला आल्या. मालनबाईंनी आधी दोघींना जेवायला वाढले. खातूनबी संकोचाने उंबऱ्यापाशीच बसू लागली, तेव्हा मालनबाईंनी तिला हाताला धरून आत आणले. जेवताना खातूनबी सावळीरामांना "तांबटभाऊ" म्हणाली, आणि ते नाते तिथेच ठरले.

गाण्याआधी सावळीराम तिला म्हणाले, "खातूनबी, ओवी संपली की लगेच उठू नका. शेवटी तुमचं नाव सांगा. जुन्या तबकड्यांत तशी पद्धत आहे. म्हणजे आवाज कुणाचा ते कायमचं राहतं."

"माझं नाव कुनाला पायजे?" खातूनबी हसली.

"ज्याला ओवी आवडेल त्याला."

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. मग ती गाऊ लागली. लेक सासरी निघाली आहे, बैलगाडी मोहदरीचा घाट चढते आहे, आणि आई मनाने गाडीमागून चालते आहे, अशी ती ओवी होती.

घाटाच्या माथ्यावरी थांब थोडा गाडीवाना,
लेक मागं पाही, गाव डोळ्यांत मावेना.

असे बारा चरण झाले. शेवटचा सूर विरला, आणि मग ती जरा घाबऱ्या, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी खातूनबी, सिन्नरची."

बिलकिस दाराशी उभी होती. तिने पदराने तोंड झाकून हसू दाबले. आईला असे स्वतःचे नाव सांगताना तिने कधी ऐकले नसावे.

मेणाचा साचा मुंबईला गेला. दोन महिन्यांनी नमुन्याच्या दोन तबकड्या आल्या. एक पेटीतच फुटून आली होती. दुसरी नीट होती. सावळीरामांनी ती माझ्यावर ठेवली आणि मी ती वाजवली. मित्रांनो, त्या आधी मी कितीतरी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या वाजवल्या होत्या, पण या ओवीने माझ्या सागाच्या पेटीत जे थरथरले, ते पूर्वी कधी थरथरले नव्हते.

पण दरम्यान कंपनीत एक भागीदार आले होते. त्यांचे नाव यादवराव. शिकलेले, बोलण्यात चतुर, शहरातल्या साऱ्या प्रतिष्ठित मंडळींत ऊठबस असलेले गृहस्थ. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांनी ओवी शेवटपर्यंत ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आवाज सोन्यासारखा आहे. पण सावळीराम, बिडीवालीच्या ओव्या, त्यातून नाव खातूनबी. आपलं गिऱ्हाईक कोण आहे, विचार करा. पहिल्याच खेपेला नको. पुढं बघू."

सावळीरामांनी तबकडी कागदात गुंडाळून माझ्याच पेटीच्या कप्प्यात ठेवली. मुंबईला मागणी कळवली नाही, म्हणून तिथला साचाही मोडीत निघाला. सहा महिन्यांनी खातूनबी बाजाराच्या निमित्ताने आली आणि दारातूनच विचारू लागली, "तांबटभाऊ, माझी तबकडी आली का?"

"मुंबईचं काम," सावळीराम नजर न उचलता म्हणाले. "वेळ लागतो."

ती ज्या जागी उभी होती, तिथून तिची तबकडी दोन हातांवर होती. माझ्या पोटात.

यानंतर कंपनी झपाट्याने वाढली. सभांना आणि लग्नांना कर्णे भाड्याने जाऊ लागले. मग यादवरावांच्या डोक्यात रेडिओ शिरला. त्यांनी दीड वर्ष खटपट करून लहानशा नभोवाणी केंद्राचा परवाना मिळवला. १९३६ च्या दिवाळीनंतर दुकानाच्या गच्चीवर दोन उंच बांबू उभे राहिले. त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली गेली. ती तारही सावळीरामांनी स्वतः ओढली होती. माडीवरची गोधड्यांची खोली आता 'स्टुडिओ' झाली. मधोमध उंच दांडीवर मायक्रोफोन आला. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते साडेसात, भजने, बाजारभाव, आरोग्याच्या गोष्टी आणि गाणी असा कार्यक्रम ठरला. जे लोक वर्गणी भरून सभासद झाले होते, त्यांच्या घरी रेडिओ होते. शिवाय शहरातल्या चौकांत, आणि पुढे आसपासच्या गावांत, लोकांसाठी संच बसवायचे होते.

पहिल्या दिवशी सारे शहर कान लावून बसले होते. एक नावाजलेल्या बाई मुंबईहून गायला येणार होत्या. त्यांची गाडी इगतपुरीला अडकून पडली. साडेसहा वाजले. भजन संपले. पुढे काहीच नव्हते. यादवराव घामाघूम झाले. कार्यक्रम थांबला तर पहिल्याच दिवशी हसे होणार होते.

सावळीराम धावत कोपऱ्यात आले. त्यांनी कप्प्यातून ती तबकडी काढली. माझा कर्णा मायक्रोफोनकडे वळवला. "ही लावू," ते दबक्या आवाजात म्हणाले.

यादवरावांनी मान डोलावली. नवी सुई लागली. मी वाजू लागलो. बारावा चरण संपला, आणि खातूनबी नाव सांगण्यासाठी श्वास घेते तो आवाज आला, तोच यादवरावांनी हात पुढे करून सुई उचलली. मग मायक्रोफोनपाशी वाकून ते शांतपणे म्हणाले, "आपण आत्ता ऐकलंत, ते कुमारी शारदा यांचं गायन. कुमारी शारदा आमच्या स्टुडिओत प्रत्यक्ष उपस्थित होत्या."

कुमारी शारदा नावाची कोणी बाई नव्हती.

आता माझी लाज सांगतो. त्या दिवशी मी एकदाही खरखरलो नाही. माझे चक्र अडखळले नाही. कर्णा लखलखीत होता, आवाज इतका निर्मळ गेला की कुणालाही शंका आली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारा जो तो म्हणत होता, "बाई जणू समोर बसून गात होत्या." ते ऐकून मी फुललो. खोटे बोलले यादवराव, गप्प राहिले सावळीराम, पण ते खोटे खरे वाटावे इतके सफाईने वाजलो मी. आणि मला त्याचा अभिमान वाटला.

मग पत्रे येऊ लागली. कुमारी शारदांना पुन्हा बोलवा. यादवरावांनी दर सोमवारी 'महिलांसाठी ओव्या' असा कार्यक्रमच ठेवला. सुई कुठे उचलायची ते चुकू नये म्हणून त्यांनी तबकडीवर लाल पेन्सिलीची खूण केली. सोमवारमागून सोमवार गेले. घाईत कित्येकदा जुनीच सुई पुन्हा वापरली जाई. पोलादी सुई प्रत्येक वेळी रेघेतून थोडे थोडे खरवडत असते. काळ्याभोर तबकडीवर हळूहळू राखेच्या रंगाचा पट्टा दिसू लागला. मालनबाईंना तो दिसला. त्या एकदा तबकडी उजेडात धरून म्हणाल्या, "तिनं आपल्या घरात बसून तुम्हाला भाऊ म्हटलं होतं. एवढं तरी लक्षात आहे ना?" सावळीराम जिना उतरून खाली गेले.

१९३७ च्या पावसाळ्यात पिंपळगाव बसवंतच्या बाजारपेठेत संच बसला, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी सिन्नरच्या वेशीजवळ. खातूनबी याच गावची, याची यादवरावांना आठवण राहिली नव्हती. सावळीरामांना होती. पण तेव्हाही ते गप्प राहिले.

तिथे संच लागल्यावरचा पहिला सोमवार झाला, आणि मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दोघी मायलेकी पायरीवर बसलेल्या होत्या. बिलकिस आता अठरा-एकोणीस वर्षांची झाली होती. खातूनबी मात्र ओळखू येत नव्हती. तंबाखूच्या भुकटीने तिची छाती पोखरली होती. दोन शब्द बोलली की खोकला येई.

"तांबटभाऊ," ती म्हणाली, "काल वेशीपाशी उभी व्हते. समद्या बाया व्हत्या संगट. माझा आवाज आला. मला वाटलं, आता नाव येईल."

सावळीरामांनी दार उघडून दोघींना आत घेतले.

"ही शारदा कोन?"

"कुणी नाही," सावळीराम म्हणाले.

"मंग तिला माझी ओवी कशी काय दिली?"

बिलकिस तडकून म्हणाली, "बाया हसल्या हिला. म्हनल्या, खातूनबी लय खोटं बोलती, ही तर कुना शारदाची ओवी हाय. तीन वरसं ही सांगत व्हती, माझी तबकडी मुंबईला गेलीया."

"गप बस," खातूनबीने तिला थोपवले आणि सावळीरामांना म्हणाली, "मला येकदा पुरी ऐकवा."

सावळीरामांनी पुरती चावी दिली. मी वाजलो. आता माझ्यातून खरखर येत होती. लाल खूण आली, गेली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या कर्ण्यातून तिचे नाव बाहेर पडले. खातूनबी ते ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आता मला ओवी म्हनाया दम पुरत नाय. माझ्या गळ्यात व्हता तो आवाज गेला. आता हाय तो तुमच्याकडंच."

सावळीरामांनी हात जोडले. "येत्या सोमवारी सुई उचलणार नाही," ते म्हणाले. "नाव जाईल. माझा शब्द."

तो सोमवारही माझ्या लाजेचाच. यादवरावांना न सांगता सावळीराम माझ्यापाशी उभे राहिले. लाल खूण आली. यादवरावांचा हात पुढे झाला, सावळीरामांनी तो धरला. खातूनबीचा श्वास ऐकू आला. आणि नेमक्या त्या वेळी माझी स्प्रिंग संपली. गेले कित्येक महिने मला खुणेपर्यंत पोचण्यापुरतीच चावी मिळत होती, आणि गडबडीत सावळीरामांनी त्या दिवशीही तेवढीच दिली. स्प्रिंग ढिली पडल्याचे मला कधीपासून कळत होते. चक्र मंदावले. "मी खातूनबी" हे शब्द म्हशीच्या रेकण्यासारखे लांबत गेले आणि बुडाले.

खाली चौकात लोक खदखदून हसले. तो आवाज माडीपर्यंत आला. यादवराव पटकन मायक्रोफोनपाशी गेले. "यंत्रात दोष निर्माण झाल्यानं व्यत्यय आला. कुमारी शारदा पुढील सोमवारी पुन्हा गातील." सावळीराम दोन पावलांवर होते. त्यांचे तोंड उघडले होते. त्यांना बोलता आले असते. ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवले. माझी स्प्रिंग उतरवून साफ केली, तेल दिले, मला धोतरात गुंडाळले आणि तबकडी उराशी धरून सिन्नरची मोटार गाठली. कारखान्यात गेले तेव्हा बायकांचे हात सुपांवर चालू होते. मुकादमाची परवानगी घेऊन त्यांनी मला मधल्या जमिनीवर ठेवले आणि पुरती चावी दिली. ओवी वाजली. नाव वाजले. कुणी हसले नाही.

कोपऱ्यातली एक म्हातारी, तिचे नाव कुसाबाई, हातातली कातर खाली ठेवून म्हणाली, "ह्यो आवाज माझ्या उजव्या अंगाला बसायचा. म्या वळखला व्हता. पर रेडू सांगतो ते खोटं कसं म्हनावं?"

सावळीराम खातूनबीसमोर गुडघ्यांवर बसले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "चूक माझी. यंत्राची नाही, भागीदाराची नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

खातूनबीने पाण्याचा घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती थकलेली होती.

"भाऊ, हितं सांगून काय उपेग? हितल्या बायांनी मला पंधरा वरसं ऐकलंय. जिथं खोटं बोललात तिथं खरं बोला."

पुढच्या सोमवारी खातूनबी स्टुडिओत आली. ती धुतलेले हिरवे लुगडे नेसली होती. मालनबाईंनी तिच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला आणि तिच्यामागे उभ्या राहिल्या. यादवरावांना सारे कळले होते. ते सावळीरामांना बाजूला घेऊन समजावत होते. "लोकांना शारदा आवडली आहे. तिच्या नावानं सभासद झाले आहेत. आपण फसवलं म्हणून सांगितलं, तर उद्या बाजारभावावर तरी कोण विश्वास ठेवील? हे केंद्र बुडेल."

"बुडेल," सावळीराम म्हणाले. "पण मला बोलू द्या."

मग ते मायक्रोफोनपुढे गेले. ते म्हणाले, "मी सावळीराम तांबट. इतके महिने दर सोमवारी ज्या ओव्या तुम्ही ऐकल्या, त्या तबकडीवरच्या होत्या. कुमारी शारदा म्हणून कोणी नाही. हा आवाज सिन्नरच्या खातूनबींचा आहे. त्या बिड्या वळतात. आम्ही त्यांचं नाव दर वेळी कापलं. मला त्याची लाज वाटते."

त्यांनी सुई ठेवली. मी वाजलो. खरखर होती, पण चक्र अडखळले नाही. तबकडीतले नाव संपले, आणि खातूनबी मायक्रोफोनजवळ सरकली. तिला बोलायला कुणी सांगितले नव्हते. घोगऱ्या, फाटक्या आवाजात ती म्हणाली, "हां, मीच ती. आता तशी गात नाय. पर तवा गात व्हते." एवढे बोलून तिला खोकल्याची उबळ आली, आणि मालनबाईंनी तिला खाली बसवले.

सिन्नरच्या वेशीपाशी त्या संध्याकाळी कारखान्यातल्या सगळ्या बायका उभ्या होत्या, असे नंतर कळले. तिथे बराच वेळ कुणी जागचे हलले नाही. नाशिकमध्ये मात्र दुसऱ्या दिवसापासून सभासदांची नावे कमी होऊ लागली. काहींना फसवणुकीचा राग होता, काहींना खातूनबीचा. यादवराव महिनाभराने कंपनीतून बाहेर पडले. जाताना त्यांनी सावळीरामांशी भांडण केले नाही. जिन्यात थांबून त्यांनी एवढेच विचारले, "तिच्या छातीला औषध चालू आहे का?" वर्षअखेर परवाना संपला, आणि तो पुन्हा मागितला गेला नाही. गच्चीवरचे बांबू उतरले. सप्तस्वर म्युझिक कंपनी पुन्हा बाजाच्या पेट्या दुरुस्त करू लागली.

सावळीरामांनी त्या तबकडीवरून नवा साचा करता येईल का, म्हणून मुंबईला विचारून पाहिले. रेघा फार झिजल्या आहेत, असे उत्तर आले.

खातूनबी १९३८ च्या थंडीत गेली. चाळीसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर बिलकिस एकटीच दुकानात आली. सावळीरामांना ती आता मामा म्हणत असे. ती माझ्यासमोर बसली. सावळीरामांनी नवी सुई लावली आणि ओवी सुरू केली.

मित्रांनो, मी माझ्या परीने फार जपून वाजलो. तरी खरखरीच्या आड खातूनबी लांब गेल्यासारखी वाटत होती. बिलकिस पुढे वाकून ऐकत होती. चार चरण झाले असतील. ती सुईकडे टक लावून पाहत होती. सुईच्या टोकाशी काळी भुकटी साठत होती, अगदी बारीक, चिमटीतही येणार नाही इतकी.

"थांबवा मामा," ती म्हणाली. "अम्मा झिजतीया."

सावळीरामांनी सुई उचलली. बिलकिसने बोटाच्या टोकाने ती भुकटी टिपली आणि बराच वेळ बोट तसेच धरून बसली. मालनबाईंनी तबकडी आपल्या एका मऊ जुन्या लुगड्यात बांधून तिला दिली. बिलकिसच्या घरी ग्रामोफोन नव्हता. सावळीराम मला द्यायला निघाले, पण तिने मान हलवली. मला तिच्या घरी जावेसे वाटले नसते असे नाही. पण तिने नाही म्हटले ते बरेच झाले; तिथेही मी तिच्या आईचा आवाज झिजवलाच असता.

आता मी दुकानाच्या मागच्या फळीवर असतो. कधी एखादे जुने गिऱ्हाईक मला ओळखते आणि म्हणते, "याच्यावरच त्या ओव्या वाजायच्या ना? काय साफ आवाज होता." पूर्वी अशा बोलण्याने माझा कर्णा चकाकत असे. आता मला फळीत शिरून बसावेसे वाटते. खोट्यापायी मी तो आवाज चाळीसएक वेळा उगाळला. ज्या दिवशी खातूनबीच्या लेकीला तो हवा होता, त्या दिवसासाठी मी फार थोडा शिल्लक ठेवला.

मित्रांनो, मला पुसा, मला तेल द्या, अशी विनंती मी करणार नाही. तुमच्या घरी रेडिओ असेल, ग्रामोफोन असेल, त्यावर गाणे आवडले तर ते कुणाचे, हे विचारा. उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारा. आणि दुसऱ्याच्या मेहनतीवर तुमचे कौतुक होऊ लागले, तर त्याच क्षणी बोला, कारण नंतर बोलायला फार जड जाते. मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो की मी आपले एक यंत्र, माझे काम फक्त चक्र फिरवण्याचे. ही समजूत मला पुरली नाही. तुम्हाला तर तोंड आहे, तुम्हाला ती मुळीच पुरणार नाही.